रामफळाची सावली धुवायला काढली तेव्हा

शलाका परत आली तेव्हा दगड जागच्या जागी होता, पण त्याच्याखाली दाबून ठेवलेली रामफळाची सावली नव्हती.

तिनं दगड उचलून पाहिला. मग शेजारचा उचलला. त्याच्याखाली लिंबाची सावली होती, छान वाळलेली. पुढच्या दगडाखाली कढीपत्त्याची, त्याच्यापुढं सोनचाफ्याची, आणि अगदी कडेला पारिजातकाची, जी मुळातच विरळ असल्यानं केव्हाच खडखडीत झाली होती. घरून निघताना पाच सावल्या होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं. तिनं पुन्हा मोजल्या. आपलंच मोजायचं चुकतंय असं वाटायची तिला सवय होती, म्हणून तिसऱ्यांदाही मोजल्या. चारच भरल्या.

खडकओढ्यात घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण कालव्यावर नेऊन धुतात, आणि ज्यांच्याकडं बाग आहे ते त्याच खेपेत झाडांच्या सावल्याही धुऊन आणतात. पावसाळाभर सावली ओल्या जमिनीवर नुसती पडून असते. ढगांमुळं तिचा उपयोग नसतो आणि उचलून ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही. तिला खालून शेवाळ धरतं, गांडुळांची माती चिकटते, कुबट वास येतो. तशीच राहू दिली तर ऑक्टोबरच्या उन्हात ती चिकट होते आणि तिच्यात बसणाऱ्याला गारवा लागायच्या ऐवजी खाज सुटते. म्हणून भाद्रपद सरताना बागेत तण काढायचं, आळी मोकळी करायची, शेवंतीचे फुटवे वेगळे करून लावायचे आणि मग सावल्या धुवायला काढायच्या, अशी रीत आहे. गुलाबाची छाटणी त्याच्यानंतर. सावल्या परत अंथरल्याशिवाय गुलाबाला कुणी हात लावत नाही.

दरवर्षी हे सगळं मालनआत्या एकटी करायची. यंदा श्रावणात न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. म्हणून तिच्या भावानं पुण्याहून आपल्या मुलीला पाठवलं. शलाका वनस्पतीशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली होती आणि नोकरीच्या शोधात असल्यानं रिकामी होती. मुलगी हुशार, पण दचकरी. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं. आत्या तर तिला हाक मारायच्या आधी खाकरायची.

"सकाळी सातला काढ," आत्यानं सांगितलं होतं. "तेव्हा लांब असते, हाताला लागते. टोकाकडनं गुंडाळत बुंध्याकडं जायचं. बुंध्यापाशी ओढायची नाही, विळ्याच्या पाठीनं सोडवायची. धुतल्यावर पिळायची नाही. आणि शलू, एक ध्यानात ठेव. बारा वाजता तिच्यापाशीच बसायचं. बाराला ती रुमालाएवढी होते."

शलाकानं हे वहीत लिहून घेतलं होतं. शेवटच्या वाक्याखाली रेघही मारली होती.

पावणेबारापर्यंत ती दगडांपाशीच बसून होती. मग कालव्याच्या पाण्यातून एक विरोळा डोकं वर काढून तिच्याकडं बघायला लागला. विरोळा हा पाणसाप बिनविषारी असतो, हे तिनं परीक्षेत लिहिलेलं होतं आणि त्याचे गुणही मिळाले होते. तरी ती उठली ती थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिथं गोधड्या शिवणाऱ्या हौसाक्कांचं घर आहे. अक्कांनी तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं, चहा दिला, आणि काळीज जागेवर यायला पाऊण तास गेला.

आता ती परत अक्कांच्या ओट्यासमोर उभी राहिली.

"अक्का, रामफळाची सावली कुणी उचलली का हो?"

"केवढी होती?"

"सकाळी वीस फूट भरली."

"सकाळचं काय सांगती? आता साडेबारा झाल्यात. आता केवढी असंल?"

शलाकाला वहीतली रेघ मारलेली ओळ आठवली. मग म्हणाली, "रुमालाएवढी."

"मग गेली कुणाच्या तरी गोधडीच्या घडीत," अक्का म्हणाल्या. "दुपारी सगळ्याच बायका उन्हाला कावून गठुळी बांधतात. खाली काय हाय, वर काय हाय, कोण बघतंय? कॉलेजात तुम्हाला बारा कधी वाजतात त्ये शिकवत न्हाईत व्हय गं?"

त्या दिवशी कालव्यावर सात घरची धुणी होती. अक्कांना सातही घरं आठवली, कारण सगळ्या गोधड्या त्यांच्याच हातच्या होत्या आणि मापं घेताना त्यांनी फोन नंबर लिहून ठेवले होते. शलाकानं ते उतरवून घेतले आणि चार सावल्या खांद्यावर टाकून घरी आली.

घरी तिनं चारही सावल्या आपापल्या झाडाखाली अंथरल्या. बुंध्याला टेकवल्या की त्या आपोआप धरत होत्या, उन्हाकडं बघून वळत होत्या. रामफळाखाली मात्र लख्ख ऊन पडलेलं. एवढं भरगच्च झाड, पण ऊन त्याच्यातून जमिनीवर असं उतरत होतं, जसं काही मध्ये कुणी नाहीच. शलाकानं तिथं शेवंतीच्या कुंड्या आणून मांडल्या. का मांडल्या ते तिलाही सांगता आलं नसतं.

चार वाजता आत्या रोजच्यासारखी पेपर काखेत घेऊन आली आणि रामफळाखालच्या खुर्चीवर बसली. घर बांधलं त्याच आठवड्यात तिनं ते झाड लावलं होतं. सूतगिरणीतली पहिली पाळी करून आली की बाई पहिल्यांदा इथं टेकायची, चप्पलसुद्धा न काढता. त्याला एकतीस वर्षं झाली होती. गिरणी बंद पडली, नवरा गेला, तरी चारला इथं येऊन बसायचं चुकलं नव्हतं.

दोन मिनिटांनी ती खाकरली.

"शलू, इथं ऊन लागतंय."

"हो का?"

"चांगलंच लागतंय."

शलाकानं सगळं सांगितलं. विरोळ्याचं सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की आत्यानं दोनदा "काय?" विचारलं. आत्या रागावली नाही. तिनं पेपरची टोपी करून डोक्यावर ठेवली आणि तिथंच बसून राहिली.

"शनिवारी घट बसायचे," एवढंच ती म्हणाली. "नगरपरिषदेची माणसं झाडांच्या मोजणीला यायच्या आत मिळाली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी शलाका नगरपरिषदेच्या उद्यान विभागात गेली. टेबलामागं रणसुभे नावाचे लिपिक होते. त्यांनी छापील अर्ज काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"हरवलेली वस्तू?"

"सावली. रामफळाची."

"लांबी?"

"कधीची लिहायची?"

रणसुभ्यांनी मान वर केली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. नुसतं वीस फूट लिहून मोकळे होतात. हरवली त्या वेळची लिहा."

"तेव्हा मी तिथं नव्हते."

"मग अंदाजे लिहा. ओली होती का?"

"अर्धवट."

त्यांनी रंगाच्या रकान्यात "करडा" लिहिलं. मग अर्जावर शिक्का मारून म्हणाले, "शनिवारी सकाळी निरीक्षक येतील. ज्या झाडाला सावली नसेल ते नोंदीतून कमी होईल."

"कमी होईल म्हणजे?"

"म्हणजे नेतील. लाकडाच्या वखारीत."

"पण झाड जिवंत आहे हो! नवी पालवी आहे त्याला. फाल्गुनात फळं येतात."

"ते जिवंत नाही असं कुणीच म्हणत नाही मॅडम," रणसुभे शांतपणे म्हणाले. "तोपर्यंत तात्पुरती सावली देता येईल. सध्या एकच शिल्लक आहे. वाऱ्यात पडलेल्या विजेच्या खांबाची."

शलाकानं ती घेतली. रिक्षात आडवी मावत नव्हती, म्हणून एक टोक बाहेर काढून, त्याला लाल फडकं बांधून आणली. रामफळाखाली अंथरली. सडपातळ, सरळ, वरच्या टोकाला दोन चिनी मातीचे कप. आत्या खुर्ची सरकवून सरकवून तिच्यात बसायचा प्रयत्न करत राहिली.

"ह्यात माझा एकच खांदा मावतोय," ती शेवटी म्हणाली. "पण कागदोपत्री चालत असेल तर असू दे."

मग शलाका फोन करायला बसली. तिला फोन करायची भीती वाटायची. काय बोलायचं ते ती आधी कागदावर लिहून काढायची, आणि समोरून कुणी उचललं नाही की तिला सुटल्यासारखं वाटायचं. या वेळी तिनं लिहिलं, "नमस्कार, मी मालनआत्यांची भाची बोलतेय. तुमच्या गोधडीत आमची सावली आली आहे का, जरा झटकून बघता का?"

सहा घरांनी उचलला. सहाही घरांनी गोधड्या झटकल्या. एकीकडं हरवलेला पायमोजा सापडला, त्याबद्दल त्यांनी शलाकाचे आभार मानले. दुसरीकडच्या काकू म्हणाल्या, "सावली नाही बाई. पण आमचा एक उशीचा अभ्रा कमी आहे, तो तुमच्याकडं नाही ना आला?" शलाकानं उठून, शोधून, नाही म्हणून सांगितलं.

सातवा नंबर सिंधू वाळुंज यांचा होता. तिथं नुसती रिंग वाजत राहिली. शलाकानं गुरुवारी अकरा वेळा लावला. शुक्रवारी सकाळी नऊ वेळा. रिंग पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची.

"वाळुंजबाई व्हय?" अक्कांनी सांगितलं. "कालव्यापलीकडं नवी वसाहत झालीय न्हाई का, तिथं राहायला आलीय. एकटीच असती. घर नंबर काय मला ठावं न्हाई. पर माणूस बरं हाय. गोधडी शिवायला टाकली तर म्हनली, हिरव्या रंगाची ठिगळं जास्त लावा."

शुक्रवारी संध्याकाळी शलाका वसाहतीत गेली. एकसारखी एकशेचाळीस घरं, सगळी पांढरी, कुठं कुंपण नाही, कुठं झाड नाही. मुरूम टाकलेले रस्ते आणि त्यावर घरांच्या चौकोनी सावल्या. तिनं विचार केला होता तो बरोबर होता. सूर्य कलला की सावली लांब होणार, गोधडीत राहणार नाही, कपाटातून, दारातून, कुठून तरी बाहेर येणार, आणि चौकोनांमध्ये पानापानांची एक सावली लगेच डोळ्यांत भरणार. पण ती पोचेपर्यंत साडेपाच वाजून गेले होते. एकशेचाळीस चौकोन लांबत लांबत एकमेकांवर चढले होते आणि सगळी वसाहत एकाच सावलीत उभी होती. तरी ती ओळीनं जमीन निरखत चालली. सातव्या ओळीत एक कुत्रं भुंकलं आणि ती दुसऱ्या ओळीतून पळत बाहेर आली. मग स्वतःवर चिडून परत फिरली. पण तोवर सूर्य बुडाला आणि ज्या त्या सावलीला जायचं तिथं ती निघून गेली.

शनिवारी पहाटे उठून आत्यानं डाव्या हातानं परडीत काळी माती पसरली, शलाकानं धान्य पेरलं, घट बसला. आरती झाली. बरोबर दहा वाजता फाटकाशी हातगाडी थांबली. निरीक्षक कुलथे पायांतले बूट फाटकाशी काढून आत आले, घटाला नमस्कार केला आणि मग परत बूट घालून बागेत गेले. त्यांच्याबरोबर दोन माणसं होती, एकाच्या खांद्यावर दोर.

कुलथ्यांनी लिंबाची सावली फितीनं मोजली, कढीपत्त्याची मोजली. सोनचाफ्याच्या सावलीला हात लावून म्हणाले, "स्वच्छ धुतलीय. कुणी धुतली?"

"मी," शलाका म्हणाली.

"छान."

मग ते रामफळाशी आले. फीत न उघडताच त्यांनी खाली पाहिलं. "ही आमचीच आहे," ते म्हणाले, आणि खांबाची सावली गुंडाळून त्यांनी एका माणसाच्या हातात दिली.

"साहेब, दोन दिवस द्या," शलाका म्हणाली. "आमची सावली कुणाकडं आहे ते मला माहितीय. फक्त फोन उचलत नाहीत."

"कधीपासून आहे त्यांच्याकडं?"

"बुधवारपासून."

कुलथ्यांनी बोटांवर सूर्यास्त मोजले. "बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन झाले. आता ती तिथं बसली. आता आणून अंथरलीत तरी बुंधा धरायची नाही, सरकून सरकून तिकडंच जाईल." त्यांनी दोरवाल्याला खूण केली. "मुळं ढिली झाली असतील. बघ जरा."

त्या माणसानं बुंध्याला मिठी मारून हलवलं. रामफळ हललं. पंधरा फुटांचं झाड, पण भाजीच्या जुडीसारखं हाताबरोबर आलं आणि परत टेकलं. आत्या घरातून बाहेर आली होती. तिनं ते पाहिलं आणि ओट्याचा खांब धरला.

"दुसरा काहीच मार्ग नाही का हो?" शलाकानं विचारलं. आपण इतक्या मोठ्यानं बोललो हे तिला नंतर कळलं.

"आहे," कुलथे म्हणाले. "झाड आणि सावली एकाच मिळकतीत असावीत, एवढंच नियमात आहे. कुणाच्या ते लिहिलेलं नाही. सावली जिच्याकडं आहे तिनं झाड घेते म्हटलं, तर ही गाडी वखारीऐवजी तिकडं जाईल. तोंडी संमती चालेल, पण माझ्यासमोर. आणि आत्ताच. पुढं अजून नऊ बागा आहेत मला."

शलाकानं आत्याकडं पाहिलं. विचारायचं कसं ते तिला कळेना. आत्या रामफळापाशी गेली, उन्हातल्या त्या खुर्चीवर बसली आणि तिनं चांगला हात बुंध्यावर ठेवला. हातगाडीवाले दोघं तोंड फिरवून फाटकाकडं बघत उभे राहिले. कुलथ्यांनी घड्याळात पाहिलं नाही.

"कालव्यापलीकडं म्हणजे मुरूम असणार," आत्या म्हणाली. "त्याला मुरूम नको. खड्ड्यात काळी माती घालायला सांग."

"आत्या..."

"आणि आळं मोठं कर म्हणावं. पहिला महिनाभर एक दिवसाआड पाणी. पूर्वेकडची फांदी पूर्वेलाच राहिली पाहिजे, फिरवून लावू नका. चार वाजता तिथं कुणीतरी बसत जा म्हणावं, त्याला सवय आहे." ती थांबली. "लाव फोन."

शलाकानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. या वेळी तिनं कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बागेत रिंग ऐकू येऊ लागली. दोरवाल्यानं दोर खाली ठेवला. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली.

"झालं?" कुलथ्यांनी हळूच विचारलं.

"नाही," शलाका म्हणाली आणि तिनं पुन्हा लावला.

तो पूर्ण वाजला. तिनं पुन्हा लावला. चौथ्या वेळी रिंग अर्ध्यावर होती तेव्हा दोरवाला पुढं झाला आणि त्यानं रामफळाच्या बुंध्याला पहिला वेढा दिला. आत्यानं हात काढला नाही. त्यानं दोर तिच्या हातावरून नेला नाही, तो थांबून राहिला.

"हॅलो," पलीकडून एक बाई धापा टाकत म्हणाली. "कोण बोलतंय?"

"मी... आमचं एक रामफळ आहे," शलाका म्हणाली. "त्याची सावली..."

"रामफळ होय! पान बघून मी सीताफळ समजत होते." मागं कुदळ जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला. "अहो, कुठं होतात तुम्ही? तीन दिवस मी परसात आहे आणि हा फोन घरात. कंबरभर खड्डा काढला, मुरूम सगळा उपसला, कालव्याकडची काळी माती वाहून आणून ठेवली. आता झाड पाठवा बघू लवकर. सावली एकटीच बसलीय इथं."